बोटांनी वाचायची पत्रिका

धंतोलीतल्या एका गल्लीत, दोन दवाखान्यांच्या मधे दबून उभ्या असलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ‘स्पर्शिका’ नावाचं ब्रेल वाचनालय होतं. खाली औषधांचं दुकान. आजूबाजूला इतके डॉक्टर, की गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेले पेशंट पाटीवरचा ‘अंधांसाठी’ एवढाच शब्द वाचायचे आणि जिना चढून वर यायचे. टेबलाशी बसलेल्या बाईंना विचारायचे, “डोळ्याचे डॉक्टर कधी बसतात जी?”

त्या बाई म्हणजे प्रेमिला गजभिये. त्या शांतपणे सांगायच्या, “खाली उतरा, उजवीकडे वळा. इडलीवाल्याची भांडी वाजून राहिली ना, त्याच्या पुढचं दार.” पेशंट निघून जायचा. बरोबर दारापाशी पोचल्यावर कधीतरी त्याच्या ध्यानात यायचं, की रस्ता सांगणाऱ्या बाईंना स्वतःला दिसत नव्हतं.

प्रेमिलाताईंना जन्मापासून दिसत नव्हतं आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटतही नव्हतं. पन्नाशी जवळ आलेली, अंगानं भरलेली, हसली की आधी खांदे हलायचे अशी बाई. वाचनालयाचा छपाई विभाग त्या एकट्या सांभाळत. विभाग म्हणजे पुढच्या खोलीतला एक कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीतलं एक मशीन. मशीन परदेशातून देणगी म्हणून आलेलं, वीसेक वर्षांचं. शाईचा थेंब नाही. जाड कागदावर ते आतल्या खिळ्यांनी ठिपके ठोकायचं. चालू झालं की असा दणदणाट करायचं, की खालच्या औषधवाल्यानं त्याचं नाव ‘गिरणी’ ठेवलं होतं. म्हणूनच तर ते मागच्या खोलीत होतं. कॉम्प्युटरची वायर तिथवर पोचायची नाही, तर कोणीतरी तेव्हाच मधे एक छोटी डबी बसवून दिली होती. कॉम्प्युटर डबीला नेटवर्कमधून मजकूर द्यायचा आणि डबी तो मशीनच्या हवाली करायची. इतकी वर्षं त्या डबीकडे कोणाला बघावं लागलं नव्हतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी जुना कॉम्प्युटर बसला. वाचनालयाचे सचिव आनंदराव वीज मंडळातून निवृत्त झालेले, उत्साही गृहस्थ. त्यांनी नवा कॉम्प्युटर आणला, आणि नवं काम करतोच आहोत तर सगळंच नवं करू, म्हणून इंटरनेटचं कनेक्शनही बदलून घेतलं. नवा कॉम्प्युटर भारी वेगवान निघाला. पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम त्यावर इतका भराभर बोलायचा, की प्रेमिलाताईंना मजा वाटली. फक्त छपाईचा हुकूम दिला, की तो तितक्याच भराभर सांगायचा: प्रिंटर उपलब्ध नाही.

दोन जण येऊन पाहून गेले. एकानं मशीन जुनं झालं म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं हे नेमकं काय आहे हेच विचारलं आणि पुन्हा फिरकला नाही.

“प्रेमिला, मी म्हणतो, छपाई बाहेर देऊन टाकू,” आनंदराव म्हणाले. “पुण्याले करून देतात. तुझा ताप कमी होईन.”

“साहेब, पुण्याहून येईस्तोवर पोरांची परीक्षा होऊन जाईन.”

“परीक्षा तर आता संपल्या ना?”

“लग्न तर नाही संपले,” प्रेमिलाताई म्हणाल्या.

कारण आदल्याच आठवड्यात धम्मानंद येऊन गेला होता.

धम्मानंद रामटेके सदर भागातल्या एका बँकेत फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम करायचा. लहान असताना अंधशाळेच्या वसतिगृहात होता तेव्हा प्रेमिलाताईंनीच त्याला सहा ठिपक्यांची अक्षरं शिकवली होती. आता त्याचं लग्न ठरलं होतं, मौद्याच्या नंदिनीशी. ती तिथल्या शाळेत गणित शिकवायची. तिला दिसत होतं, धम्मानंदला नाही, आणि या गोष्टीवर दोन्ही घरांत बोलायचं ते बोलून झालं होतं. आता सगळे पत्रिकेच्या कागदाचा रंग कोणता, यावर भांडण्याइतके खुशीत आले होते.

“ताई, मले रंगाचं काही पडलं नाही,” धम्मानंद म्हणाला होता. “मले माझ्या दोस्तांसाठी ब्रेलमध्ये पत्रिका पाहिजे.”

“छापील पाठवून फोन करून दे ना.”

“नाही ना ताई. आतापर्यंत जेवढ्या लग्नाले गेलो, तेवढ्या पत्रिका मले दुसऱ्यानं वाचून दाखवल्या. अन् वाचणारा नेहमी घाईत असते. अमक्याचं लग्न आहे, रविवारी आहे, झालं. मामाचं नाव काय, खाली चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावानं काय लिहिलं, सगळं राहून जाते. माझी पत्रिका माझ्या दोस्तांनी पूर्ण वाचली पाहिजे. सोताच्या बोटानं. दोनदा वाचावं वाटलं तर दोनदा.”

प्रेमिलाताईंनी त्याच दिवशी मजकूर टाइप करून ठेवला. वर वंदना, मग दोन्ही घरांची नावं, लग्नाचं ठिकाण, वेळ, आणि शेवटी धम्मानंदच्या भाचीच्या नावानं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. मजकूर तयार होता, कागद तयार होता, मशीनही तयार होतं. मधली वाट बंद होती.

शेवटी औषधवाल्यानंच एक नंबर दिला. “आमचं बिलाचं मशीन बंद पडलं होतं तर एक पोरगी आली होती. चालू होईस्तोवर उठली नाही. तिले बोलवा.”

ती आली तेव्हा जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज दोन-दोन पायऱ्यांनी आला. “नमस्कार जी. मी काजल भोयर. सावनेरची. स्कूटीले जागाच नाही भेटली खाली.” आवाज मोकळा, थोडा धापा टाकणारा. प्रेमिलाताईंनी हात पुढे केला, तिनं तो हातात घेतला. तळवा गरम होता, बोटं पातळ आणि खरखरीत.

काजल कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिची बोटं टपाटप चालू लागली. मधेच म्हणाली, “हे पाहा ताई, इथं...” आणि गप्प झाली. मग खालच्या आवाजात, “सॉरी.”

“सॉरी कायले वं? ‘पाहा’ म्हण. मीही सिरियल पाहते असंच सांगते सगळ्यांले. फक्त ‘इथं’ म्हणजे कुठं, तेवढं सांग.”

काजल हसली आणि त्यानंतर ती सगळं बोलून सांगू लागली. नवा कॉम्प्युटर प्रिंटर शोधतो म्हणजे काय करतो, तर नेटवर्कवर आवाज देतो, कोण आहे, कोण आहे. नवे प्रिंटर ओ देतात. ही मागची डबी जुन्या काळची. तिला ओ देणं शिकवलेलंच नव्हतं. तिचा पत्ता माहीत असेल तरच तिच्यापर्यंत जाता येतं.

“अन् पत्ता कुठं लिहिला आहे?”

“तेच तर. कोणी बसवली होती ही?”

“जो बसवून गेला तो कॅनडाले राहते आता.”

दोघी मागच्या खोलीत गेल्या. काजलनं डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली. “मागं एक बटन आहे, एकदम लहान. हे दाबून धरलं, की ती आपली सगळी माहिती छापून देते. पण छापून देईन कशी, आपला प्रिंटर तर...”

“दाब,” प्रेमिलाताई म्हणाल्या.

क्षणभर काहीच नाही. मग मशीन गरजलं. महिना उलटून गेला होता त्या आवाजाला. लाकडी फळी थरथरली, कागदाच्या कडेची छिद्रं दात्यांवरून कटकट पुढं सरकली, आणि खालून औषधवाल्याचा आवाज आला, “चालू झाली का गिरणी?”

“नाही अजून,” प्रेमिलाताई खिडकीशी जाऊन म्हणाल्या. पण त्यांचे खांदे हलत होते.

काजलनं कागद फाडून घेतला. “ताई, याच्यात तर नुसते ठिपके आहेत.”

“मग दुसरं काय असणार? आण इकडं.”

प्रेमिलाताईंनी कागद टेबलावर पसरला आणि दोन्ही हातांची पहिली बोटं ओळीवर ठेवली. पहिल्या ओळीवर त्या अडखळल्या. अक्षरं इंग्रजी होती, पण अंक नेहमीसारखे लागत नव्हते. मग लक्षात आलं. हे ठिपके एक पायरी खाली उतरलेले होते, उच्च गणिताच्या ब्रेलमध्ये असतात तसे. शाळेत असताना जोशीबाईंनी ते रागावून रागावून शिकवले होते. आता बोटं आपोआप पुढं सरकली.

“लिही. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट...” असं करत त्यांनी पूर्ण पत्ता वाचून दाखवला.

काजल लिहिता लिहिता थांबली. “भेटलं. पाहा, म्हणजे ऐका, तुमचं नवं इंटरनेट जे पत्ते वाटून राहिलं ना, ते दुसऱ्याच मोहल्ल्यातले आहेत. कॉम्प्युटर नव्या मोहल्ल्यात राहायले गेला अन् डबी जुन्यातच बसून राहिली. दोघांची गाठ पडणार कशी? पुढं काय लिहिलं आहे?”

“एल, पी, डी. मग पुढं... एल अन् एक. एल-वन.”

“अरे वा. एलपीडी म्हणजे छपाईची जुनी भाषा. अन् एल-वन हे रांगेचं नाव असन. त्या भाषेत नुसता पत्ता नाही चालत, कोणत्या रांगेत उभं राहायचं तेही सांगावं लागते.” तिनं कागद परत हातात घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. “मी असं कधी नाही केलं ताई. म्हणजे प्रिंटरचं पान मी वाचते नेहमी. आज तुम्ही वाचलं.”

“माझंही पहिलंच आहे,” प्रेमिलाताई म्हणाल्या. “इतकी वर्षं ही डबी इथं बसली आहे, अन् आज पहिल्यांदा बोलली माझ्याशी.”

काजलनं आपला लॅपटॉप थेट डबीला जोडला आणि तिचा मुक्काम नव्या मोहल्ल्यात हलवला. मग पुढच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरला जुनी भाषा समजेल असं करायला घेतलं. तेही सरळ नव्हतं. नव्या कॉम्प्युटरमध्ये ती भाषा असते, पण बंद करून ठेवलेली. एका यादीत खोलवर जाऊन ती सुरू करावी लागली. मग कॉम्प्युटरनं रांगेचं नाव विचारलं.

“ताई, एल मोठा आहे का छोटा?”

“म्हणजे?”

“कॅपिटल का स्मॉल? या भाषेत फरक पडते. चुकला तर घेत नाही.”

प्रेमिलाताईंनी कागदावर बोट ठेवलं आणि मग हसायला लागल्या. “काजल, मशीन जेव्हा असं कच्चं छापते ना, तेव्हा त्याच्यात मोठा-छोटा असं काही नसतेच. दोघांचे ठिपके एकच.”

“मग?”

“मग दोन्ही करून पाह्य.”

काजलनं छोटा एल घातला. एक ओळ पाठवली. कॉम्प्युटरनं तत्काळ नकार दिला. तिनं मोठा एल घातला, पुन्हा ओळ पाठवली. दोघी मान वळवून मागच्या खोलीकडे कान लावून बसल्या.

मशीन सुरू झालं. आणि थांबेचना. एक कागद, दुसरा कागद, तिसरा. काजल आत धावली आणि तिनं स्विच बंद केला. “एकच ओळ पाठवली होती मी,” ती म्हणाली. “हे काय छापलं यानं?”

प्रेमिलाताई वाचू लागल्या. “ॲट, पी, जे, एल... मग काहीतरी टक्के, मग ॲट, पी, जे, एल... आता माय, हे कोणत्या देशाचं आहे?”

“थांबा. ॲट, पीजेएल?” काजलनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. “चूक माझी. मी लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलायचा प्रोग्राम, लावला. कॉम्प्युटर त्याले सांगून राहिला, अक्षर किती मोठं ठेव, समास किती सोड. अन् हे बिचारं ते सगळे हुकूमच छापून राहिलं.”

“इमानदार आहे. जे सांगितलं ते छापलं.”

तिनं ड्रायव्हर काढून टाकला आणि दुसरा लावला, जो आपल्या पदरचं काहीच घालत नाही, नुसता मजकूर जसाच्या तसा पुढं ढकलतो. एवढ्यात दुपार झाली. प्रेमिलाताईंनी डबा उघडला. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि वर ठेच्याची गोळी. अर्धी भाकरी त्यांनी काजलपुढे सरकवली. काजल नको म्हणाली आणि मग सगळी खाऊन गेली. खाता खाता सांगत होती, सावनेरला तिच्या बाबांचं कापसाचं शेत आहे, भावाला वाटतं बहिणीनं बँकेची परीक्षा द्यावी, पण तिला बंद पडलेली गोष्ट सुरू झाल्यावर जे वाटतं ते बँकेत कसं वाटणार.

“काय वाटते?” प्रेमिलाताईंनी विचारलं.

काजलनं विचार केला. “सांगता नाही येत. पोटात गुदगुल्या होतात.”

जेवणानंतर धम्मानंदची पत्रिका पाठवली. मशीननं ती छापली. प्रेमिलाताईंनी बोट फिरवलं. वंदना होती, नावं होती, वेळ होती. शब्द न् शब्द जागेवर. काजलनं टाळी वाजवली आणि लगेच दुसरी प्रत पाठवली.

दुसरी आली नाही.

कॉम्प्युटर म्हणाला, छपाई सुरू आहे. मशीन गप्प. डबी बंद करून चालू केली, की पुन्हा एक प्रत निघायची आणि पुन्हा शांतता. तीन-चारदा तेच. काजलनं वायर बदलली, भिंतीतला जोड बदलला, डबी दुसऱ्या प्लगमध्ये लावली. तिचं बोलणं कमी कमी होत गेलं.

आनंदराव मधे डोकावून गेले. “एक-एक करून काढता येईन ना? प्रत्येक वेळी बंद-चालू करायचं.”

“येईन साहेब,” काजल म्हणाली. “पण मी तसं सोडून नाही जात.”

“मग चहा पाठवतो,” आनंदराव म्हणाले आणि खरंच खाली उतरले.

प्रेमिलाताई मागच्या खोलीत मशीनजवळ स्टूल घेऊन बसल्या होत्या. “काजल, डबी पुन्हा बंद-चालू कर अन् एक पाठव.”

प्रत निघाली. मशीन थांबलं. प्रेमिलाताई ऐकत राहिल्या.

“हे संपलं नाही,” त्या म्हणाल्या.

“छापलं ना पूर्ण?”

“छापलं. पण काम संपलं की हे एक कागद पुढं टाकते. कटकटकट करून. मग एक लहानसा ठक आवाज येते, जसा कोणी पेटी बंद करते. आज सकाळपासून एकदाही तो ठक नाही आला. याले वाटून राहिलं, अजून येणार आहे. हे वाट पाहून राहिलं.”

काजल तशीच बाहेर गेली. पुढच्या खोलीत माउसच्या दोन-तीन टिचक्या ऐकू आल्या. मग ती पळतच परत आली.

“ताई, जुन्या भाषेत कसं असते माहीत आहे का? पाठवणाऱ्यानं आधी सांगावं लागते, किती पाठवून राहिलो. इतकी अक्षरं आहेत, एवढी आली की बस. नवा कॉम्प्युटर मोजतच नाही. तो सरळ काहीतरी मोठाच आकडा ठोकून देते अन् पाठवायले लागते. आजकालच्या डब्या समजून घेतात. ही जुनी आहे, शब्दाची पक्की. जेवढं सांगितलं तेवढं येईस्तोवर उठायची नाही. लग्नात पाहुणे हजार सांगितले अन् आले शंभर, तर वाढपी पंगत उठूच देईना, तसं झालं.”

“मग कॉम्प्युटरले मोजायले लावता येते का?”

“येते. एक चौकोन आहे, त्याच्यात खूण करायची. तो मी सकाळपासून तीनदा पाहिला अन् तीनदा सोडून दिला.”

“कर मग खूण.”

काजल पुढं गेली. खूण केली. आणि या वेळी एक नाही, पाच प्रती एकदम पाठवल्या.

मशीन गरजलं. पहिली पत्रिका संपली. कटकटकट कागद सरकला, आणि ठक. पुन्हा गर्जना. दुसरी. ठक. तिसरी. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचे पाय ताल धरू लागले. पाचव्या ठकनंतर शांत झालं तेव्हा ती शांतता वेगळी होती, पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखी.

“आता पुरं झालं याचं,” त्या म्हणाल्या.

खालून हाक आली, “चालू झाली का?”

“झाली,” दोघी एकदम म्हणाल्या. चहा घेऊन वर येणारे आनंदराव जिन्यातच थांबले आणि तिथूनच म्हणाले, “पुण्याचं राहू दे मग.”

काजल निघायला हवी होती, दुसरीकडे काम होतं तिला, पण ती निघाली नाही. तिनं तिकडे फोन करून उद्या येते म्हणून सांगितलं आणि कागद फाडायला बसली. कडेच्या छिद्रांच्या पट्ट्या काढायच्या, घडी ठिपक्यांवर येणार नाही अशी घालायची. प्रेमिलाताई प्रत्येक प्रत तपासत होत्या. मधेच त्यांनी तिचा हात धरून एका शब्दावर ठेवला. “हा धम्मानंद. हा ‘ध’. बोट दाबू नको, नुसतं जाऊ दे.” काजलला नुसता खडबडीतपणा लागला, पण तिनं हात बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी धम्मानंद आला, बँकेतून थेट. बरोबर नंदिनी होती, मौद्याहून आलेली, साडी पाहायला. जिन्यावरच त्याला मशीनचा आवाज आला असणार, कारण त्याच्या काठीची टकटक एकदम भराभर होऊ लागली.

“ताई, हे माझंच आहे का?”

“दुसऱ्या कोणाचं असन? बस.”

प्रेमिलाताईंनी पत्रिका त्याच्या हातात दिली. तो बसला नाही. उभ्यानंच, कागद डाव्या तळहातावर धरून उजवं बोट फिरवू लागला. मागच्या खोलीत मशीन चालू होतं म्हणून काजलनं ते थांबवलं. त्याचं बोट कागदावरून सरकण्याचा आवाज तेवढा राहिला. तो वंदनेवरून गेला, आजोबांच्या नावावरून, आईवडिलांच्या. मग बोट थांबलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

“काय झालं? चुकलं का काही?” प्रेमिलाताईंनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “नंदिनीचं नाव आहे. दोनदा वाचून राहिलो.”

नंदिनी हसली. “माझ्या हातात द्या ना. मीही वाचते.” गेले काही महिने ती त्याच्याकडून अक्षरं शिकत होती. तिनं कागद घेतला आणि झरझर वाचायला लागली, “चिरंजीव धम्मानंद, ज्येष्ठ सुपुत्र...”

“नंदिनी,” प्रेमिलाताई म्हणाल्या, “डोळ्यानं वाचून राहिली तू.”

“तुम्हाले कसं कळलं?”

“इतकी भराभर बोटानं कोणी वाचलं असतं तर मी तिले नोकरीवर ठेवलं असतं. डोळे मिट.”

तिनं डोळे मिटले. बोट ठेवलं. बराच वेळ लागला. “धा... धाम...” मग ती अडली, आणि अंदाजानं पुढं गेली, “धान्यनंद?”

धम्मानंद इतका हसला, की त्याला खरंच खुर्चीवर बसावं लागलं. नंदिनीही हसत होती, काजलही, आणि प्रेमिलाताईंच्या खांद्यांनी तर खुर्ची हलायला लागली. नंदिनीनं मात्र सोडलं नाही. तिनं पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि या वेळी नाव बरोबर वाचलं, सावकाश, एकेक अक्षर मोजून. मग म्हणाली, “एक प्रत मले पाहिजे. सरावाले.”

काजलनं निघताना बॅग खांद्यावर घेतली तेव्हा धम्मानंदनं तिला हाक मारली. “मॅडम, तुम्हाले छापील देऊ का ब्रेल?”

“ब्रेल द्या,” काजल म्हणाली. “वाचता नाही येत, पण मले माहीत आहे त्याच्यात काय लिहिलं आहे. सगळ्यांत जास्त वेळा मीच छापली.”

पत्रिका पोस्टात पडल्या. दोन-तीन दिवसांनी वाचनालयाचा फोन वाजायला लागला. वर्ध्याहून, गोंदियाहून, चंद्रपूरहून. जुनी पोरं, आता मोठी झालेली, नोकऱ्या करणारी, कोणाचा आवाज ओळखू यायचा आणि कोणाचा इतका बदललेला की नाव विचारावं लागायचं. सगळ्यांना एकच सांगायचं होतं, की पत्रिका वाचली.

उमरेडहून धम्मानंदच्या मित्राचा, नागसेनचा फोन आला तेव्हा प्रेमिलाताई एका मुलाचं इतिहासाचं पुस्तक छापायला लावून बसल्या होत्या. दार लोटून त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

“ताई, ऐका ना. पोस्टमन आला, आईनं पाकीट फोडलं, अन् म्हणे कोरा कागद पाठवला कोणीतरी. बाबांनी पाहिला, भावानं पाहिला. मग मी म्हटलं, इकडं आणा. ताई, सगळे माझ्याभोवती बसले. मी वाचून दाखवली त्यांले. आमच्या घरात पहिल्यांदा पत्रिका मी वाचली.”

“पूर्ण वाचली का, की घाई केली?”

“पूर्ण. धम्याच्या भाचीचं नाव येईस्तोवर. बाबा मधेच विचारू लागले, जेवण किती वाजता आहे ते लिहिलं का? मी म्हटलं थांबा, सगळं क्रमानं येते. थांबले बिचारे.” तो हसत होता, आणि त्याच्या मागं घरातल्या माणसांचे आवाज येत होते, कोणीतरी काहीतरी विचारत होतं. “आई म्हणते, पत्रिका कॅलेंडरच्या खिळ्याले लटकवून ठेवते, तारीख लक्षात राहीन. मी म्हटलं नाही, ठिपके दबतात. माझ्या उशाशी ठेवली. अन् ताई, आई विचारून राहिली...”

“काय?”

“सांजच्याले शेजारची काकू येईन, तर तिले पुन्हा वाचून दाखवशील का म्हणे.”

“मग काय सांगितलं तू?”

“सांगितलं, वाचीन. पण मधे बोलायचं नाही.”